हिरव्या गुरुवारची भाजी

रॉइसला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण जिथे माणसं रडतात, गप्प बसतात, कुणीतरी कुणाच्या खांद्यावर हात ठेवतं, तिथे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मग तो गवत कापायचा.

जॉर्जियात त्यांच्या घरी रीतच होती ही. आजी गेली तेव्हा त्याच्या बापाने पुढचं लॉन कापलं, मागचं कापलं, आणि तरी जीव थाऱ्यावर येईना म्हणून शेजाऱ्याचंही कापून टाकलं, त्याला न विचारता. लॉन म्हणजे देवघर. त्यात एक पान वेगळं दिसलं तरी घराची अब्रू गेली.

त्यामुळे नोव्हेंबरात सासरा मॅलन वारला आणि रॉइस नि त्याची बायको लिनेट सासूबाईंच्या सोबतीला हाइडलर्सटाउनला राहायला आले, तेव्हा रॉइसची फार पंचाईत झाली. पेनसिल्वेनियातला हिवाळा. गवत बर्फाखाली. दुःखाचं करायचं काय?

त्याने घरातलं सापडेल ते दुरुस्त केलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि एसी दुरुस्त करणं हा त्याचा धंदाच होता, त्यामुळे तळघरातली भट्टी झाली, गळणारे नळ झाले, कुरकुरणारी दारं झाली. व्हर्ना, म्हणजे सासूबाई, प्रत्येक वेळी बघायची आणि म्हणायची, "हं." बस्स. तो म्हणायचा, "येस मॅम." ती म्हणायची, "मॅम कुणाला म्हणतोस? मी काय पोलीस आहे?" तो म्हणायचा, "नो मॅम." की संपलं संभाषण.

पण खरी काळजी ही नव्हती. खरी काळजी अशी होती की व्हर्ना जेवत नव्हती.

चहा घ्यायची. चहाबरोबर दोन खारी बिस्किटं. लिनेट इस्पितळात नर्स. दिवसभर परक्यांचे घास मोजायचे आणि घरी येऊन आईचे. तिने सगळं करून बघितलं. कोंबडीचा रस्सा, नूडल्स, मक्याचं सूप, आईच्याच हातच्या पद्धतीने. व्हर्ना काट्याने ताटात रस्ते काढायची, चार गावं जोडायची, आणि म्हणायची, "छान झालंय गं. भूक नाही एवढंच." कपडे अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. ते म्हणाले, खायची इच्छा व्हायला हवी, त्याची गोळी अजून निघालेली नाही.

एप्रिल उजाडला. शनिवार होता, ईस्टरला अजून आठ दिवस. ऊन पडलं होतं. लिनेट आईला जवळजवळ ओढूनच केस कापायला घेऊन गेली होती. रॉइस कॉफीचा मग घेऊन मागच्या दारात उभा राहिला आणि पाच महिन्यांनी त्याने पहिल्यांदा मागचं लॉन नीट बघितलं.

बघवेना. दातेरी पानांचे चपटे गड्डे सगळीकडे, जमिनीला पंजे चिकटवून बसलेले. नुसते डँडेलियन. आठवड्याभरात पिवळी फुलं येणार, मग म्हाताऱ्या उडणार, मग सगळी गल्ली बरबाद. रॉइसला सासऱ्याची कीव आली. आजारी माणूस, त्याच्याकडून झालं नसेल बिचाऱ्याच्या.

त्याने गवत कापलं नाही. जाणकार माणूस आधी कापत नाही, पानावर औषध बसायला हवं. त्याने तणनाशक फवारलं. पुढे, मागे, बाजूच्या पट्टीत. मागच्या बाजूला तर दोनदा. अंगात इतका हुरूप आला होता की शीळ घालत होता. व्हर्ना भांडी घासताना खिडकीतून बाहेर बघायची, तासन्‌तास. आता बघेल तेव्हा निदान काहीतरी चांगलं दिसेल. महिन्याभरात मखमल होईल मखमल.

रविवारी चर्चहून आल्यावर तिघं स्वयंपाकघरात बसले होते. व्हर्नाने बिस्किटाचा तुकडा बशीत ठेवला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "गुरुवारी हिरवा गुरुवार."

"हो ना," लिनेट म्हणाली.

"डँडेलियन करीन म्हणते. मागे आलं असेल आता, कोवळं असेल. हॅम आणा कुणीतरी. बटाटे आहेत." थोडं थांबून ती म्हणाली, "खावंसं वाटतंय."

लिनेट काहीतरी आणायचं निमित्त करून कोठीच्या खोलीत गेली. ती आत नाक ओढतेय हे रॉइसला ऐकू येत होतं. त्याने हळूच खिडकीतून मागच्या लॉनकडे बघितलं.

"डँडेलियन म्हणजे," तो म्हणाला, "ते... तण?"

"तण म्हणे." व्हर्नाने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मग तिने त्याला समजावून सांगितलं, पाच महिन्यांत बोलली नव्हती एवढं एका दमात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी हिरवं खायचं. तिची आई खायची, आजी खायची. खाल्लं की वर्षभर ताप येत नाही. फूल यायच्या आत खणायचं, वरून बेकनचं गरम कालवण ओतायचं. आणि त्या दिवशी जो हिरवं खात नाही तो गाढव होतो. "तुमच्या जॉर्जियात खात नसतील," ती म्हणाली. "तरीच."

संध्याकाळी रॉइसने लिनेटला गॅरेजमध्ये नेलं आणि फवारणीचं सांगून टाकलं. ती आधी हसली. तिला वाटलं, गंमत करतोय. मग त्याचा चेहरा बघून ती उलट्या बादलीवर बसली.

डॅडी हिरवा गुरुवार होईपर्यंत मागच्या लॉनला मशीन लावू द्यायचे नाहीत, ती म्हणाली. औषध तर जन्मात नाही. सगळी गल्ली नावं ठेवायची. हे लॉन नव्हतंच, ही त्यांची भाजीची वाडी होती. मेमध्ये त्या फुलांची वाइन, उन्हाळ्यात फरशीच्या फटीतली घोळ, शरदात मुळं भाजून कॉफी.

"मला सांगायचं तरी कुणी," रॉइस म्हणाला.

"डॅडीच सांगायचे सगळ्यांना. आता कोण सांगणार? माझ्या लक्षातच आलं नाही."

"धुऊन घेतलं तर?"

"माझ्या आईला विष घालणार आहेस?"

लिनेटने त्याचा हात धरला. चिडली नव्हती ती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "डॅडी गेल्यापासून तिने काही मागितलं नव्हतं रे. एक गोष्ट मागितलीय. कुठूनही आण. पण आण."

म्हणून मग तो आठवडा रॉइस टिडवेल, ज्याने आयुष्यात एक पिवळं फूल सहन केलं नव्हतं, तो लोकांच्या लॉनमध्ये तण शोधत फिरला. भट्टी दुरुस्त करायला जायचा आणि जाता-येता गाडी हळू करून बघायचा. आणि बघतो तर काय, सगळीकडे मखमल. औषध मारल्याच्या छोट्या झेंड्या रोवलेल्या. कुठे चुकून चार गड्डे दिसलेच तर तिथे कुत्रं पाय वर करून उभं. शाळेच्या मैदानावर फवारलेलं. रुळांच्या कडेला होतं भरपूर, पण त्यावर तेलकट काळी पुटं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते हेच, आणि आता त्याच्याकडे बघून रॉइसला रडू यायचं बाकी होतं.

बुधवारी तो बाजारात गेला. तिथे शेतावरच्या बायका हिरव्या गुरुवारसाठी डँडेलियनच्या पिशव्या विकायला आणतात असं त्याला कळलं होतं. त्याने विचारल्यावर भाजीवाली हसायलाच लागली. अहो, ते सकाळी दार उघडायच्या आत संपतं, ती म्हणाली, माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा मिळालं नाही. तिने त्याला पालक देऊ केला. हिरवा तर आहे, म्हणाली.

दुपारी मात्र नशीब उघडलं. गावाबाहेर एका म्हाताऱ्याची भट्टी बंद पडली होती. घरामागे ओढा, ओढ्याकाठी गवताळ उतार, आणि उतारावर दातेरी पानांचे गड्डे. औषध मारता का, रॉइसने विचारलं. म्हातारा म्हणाला, त्या उतारावर मी स्वतः पंधरा वर्षांत गेलो नाही, औषध कोण मारणार. हवं तेवढं ने. रॉइस गुडघ्यावर बसला आणि स्क्रूड्रायव्हरने खणायला लागला. पिशवी भरली, दुसरी भरली. घरी येताना तो गाणं म्हणत होता.

व्हर्ना स्वयंपाकघरात बटाटे वेगळे काढून ठेवत होती. त्याने दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या. "डँडेलियन, मॅम. उद्यासाठी."

व्हर्नाने पिशवीत बघितलं. चष्मा लावला. एक पान काढलं, त्यावरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं.

"हे डँडेलियन नाही."

"आहे, मॅम. बघा ना, दाते आहेत..."

"लव बघ पानावर. मांजराच्या कानासारखी. डँडेलियन गुळगुळीत असतं." ती दुसरा गड्डा उलटून बघत होती. "हेही तेच. हेही. मरणार नाही कुणी खाऊन. पण घशात घोंगडी गेल्यासारखं वाटेल." मग तिने पान खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. "आपल्या मागे ढीगभर असताना तू गेला कुठे होतास?"

लिनेट दारात उभी होती. तिने रॉइसकडे बघून मान हलवली, नको म्हणून. अजून थाप मारायला जागा होती. तुम्हाला वाकायला लागू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. आणि मग सकाळी व्हर्ना सुरी घेऊन मागे गेली असती.

"मागचं खाता येणार नाही," रॉइस म्हणाला. "मी शनिवारी औषध मारलं."

"मागे?"

"सगळीकडे, मॅम. मागे दोनदा."

व्हर्ना खुर्चीत बसली. खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिथून आता दिसतच होतं, कडेची पानं पिळवटायला लागली होती.

"कशासाठी?"

रॉइसला वाटलं, आता जीभ टाळ्याला चिकटणार. पण शब्द आले, कसेबसे. "तुम्ही तासन्‌तास तिकडे बघत बसता. म्हटलं, बघताना छान दिसावं."

व्हर्ना उठली. पिशवीतली पानं तिने परत पिशवीत भरली, पिशवीचं तोंड दुमडलं. मग ती वर खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. रात्रीच्या जेवणाला ती खाली आली नाही. लिनेट चहा घेऊन गेली, तो कप तसाच परत आला, बिस्किटांसकट. दोघं समोरासमोर बसून थंड झालेलं जेवण बघत राहिले. लिनेट म्हणाली, तू खरं सांगितलंस ते बरंच केलंस. पण तिचा आवाज काही तसं म्हणत नव्हता.

सकाळी लिनेट कामावर गेली. रॉइस खाली आला तर स्वयंपाकघरात कुणीतरी उभं होतं, मॅलनचं खाकी जाकीट घालून. व्हर्ना होती. बाह्या दोनदा दुमडलेल्या. हातात लाकडी मुठीच्या दोन सुऱ्या, काखेत कागदी पिशव्या.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"मॅम, मला कामावर..."

"एक दिवस लोक थंडीत बसतील. काढ गाडी. तुझ्या भरवशावर राहिले तर सगळं घर गाढव व्हायचं."

केस कापायला तिला ओढून न्यावं लागलं होतं. आज ती स्वतः पुढच्या सीटवर चढली, पट्टा लावला आणि काच खाली केली. मग गाव सुरू झालं. रॉइस हळूहळू चालवत होता आणि व्हर्ना एकेक घर बघून निकाल देत होती. "फवारलंय." "कुत्रा." "दोन कुत्रे." "हे फवारलंय, आणि वर कुत्राही आहे." पुढे एक लॉन आलं, गालिच्यासारखं. व्हर्ना म्हणाली, "हा आमच्या चर्चचा खजिनदार. दुष्काळ पडला तर पहिला जाईल."

रॉइस हसला. मग त्याला वाटलं, हसायला नको होतं. पण तिच्या तोंडाचा कोपराही जरा वर गेला होता.

गावाच्या टोकाला भाड्याची घरं होती. तिथल्या एका घरापुढे व्हर्नाने हात वर केला. "थांब."

लहान मुलाची तीनचाकी आडवी पडलेली, आणि तिच्याभोवती गवतच गवत. डँडेलियन, क्लोव्हर, जांभळी व्हायोलेटं, बारीक पांढऱ्या फुलांची चिकवीड. जॉर्जियात असं लॉन बघून रॉइसच्या बापाने पोलीस बोलावले असते. व्हर्ना उतरली आणि सरळ दाराकडे गेली. रॉइस इंजिन बंद करून मागे धावेपर्यंत तिने दार ठोठावलंसुद्धा.

दार उघडलं एका तरुण माणसाने, खांद्यावर बाळ. त्याने म्हातारी बघितली. जाकीट बघितलं. सुऱ्या बघितल्या. मागे रॉइस, कंपनीचा शर्ट, खिशाला नाव.

"गवताचं ना?" तो घाईघाईने म्हणाला. "मला माहितीये. मला माफ करा. बाळामुळे वेळच झाला नाही. शनिवारी नक्की कापतो. औषधही मारतो, सगळं मारतो..."

"खबरदार," व्हर्ना म्हणाली.

तो माणूस दचकून एक पाऊल मागे सरकला.

"औषधाचं नाव काढायचं नाही. आम्ही नगरपालिकेची माणसं नाही. मला तुझं डँडेलियन हवंय. खायला."

त्याला पटायला थोडा वेळ लागला. विल्फ्रेडो त्याचं नाव. पोर्तो रिकोचा. त्याने विचारलं, हे खातात? व्हर्नाने पायरीवरच उभं राहून त्याला सगळं सांगितलं. बेकन कसं तळायचं, त्याच्याच सुटलेल्या चरबीत पीठ, साखर, व्हिनेगर, अंडं कसं घालायचं, कढ आला की लगेच पानांवर ओतायचं. मेमध्ये फुलं येतील ती टाकू नकोस. या पायरीच्या फटीत जूनमध्ये घोळ उगवेल, ती तर कच्चीच खा. घोळीचं ऐकून त्याचे डोळे चमकले. माझी आजी करायची, तो म्हणाला, पण इथेही उगवते हे मला कुठे माहीत. बाळाने व्हर्नाचा चष्मा धरला. तिने तो सोडवून घेतला, आणि परत धरू दिला.

मग व्हर्ना नि रॉइस लॉनमध्ये गुडघ्यावर बसले. व्हर्नाने त्याला शिकवलं. सुरी तिरपी घाल, मुळाला वरच्या वर काप, म्हणजे पानं सुटत नाहीत, गड्डा एकसंध निघतो. मधे बोट घालून बघ, कळी अजून लपलेली असेल तर घे, देठ वर आला असेल तर सोड, कडू झालंय ते. रॉइसचा पहिला गड्डा विस्कटला. दुसराही. "भट्टी उघडतोस का?" ती म्हणाली. "हलक्या हाताने." पाचव्या-सहाव्याला जमलं. कापलेल्या मुळातून पांढरा चीक बोटांवर आला.

एक पिशवी भरत आली.

"मॅलनला आवडायचं नाही," व्हर्ना एकदम म्हणाली.

"काय?"

"डँडेलियन. अजिबात आवडायचं नाही. लग्नानंतर पहिल्या हिरव्या गुरुवारी त्याने घास घेतला नि चेहरा असा केला, जणू कुणी पायावर पाय दिलाय. बोलला मात्र नाही. मीही विचारलं नाही. दरवर्षी खायचा, आणि दरवर्षी तोच चेहरा."

"मग लॉनला हात का लावू द्यायचे नाहीत?"

व्हर्नाने त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न जॉर्जियातच पडू शकतो. "मला आवडायचं ना."

ती परत खणायला लागली. मग मान खालीच ठेवून म्हणाली, "काल मी तुझ्यावर रागावले नव्हते. म्हणजे रागावलेच होते, थोडी. पण खिडकीतून बघताना मला वाटायचं, एवढं तरी त्याने लावून ठेवलेलं आहे तिथे. तेही गेलं असं वाटलं." तिने गड्डा झटकला, माती उडवली. "पण त्याने कुठे लावलं होतं. नुसतं उगवू दिलं होतं."

रॉइसने हातातली सुरी खाली ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच, असं म्हणायला हरकत नाही. हात चिखलाने भरलेला होता, जाकिटावर ठसा उमटला.

"जाकीट खराब केलंस," व्हर्ना म्हणाली, पण तिने खांदा हलवला नाही.

संध्याकाळी लिनेट घरी आली तर दारातच बेकनचा वास. सिंकमध्ये पानं तीनदा धुऊन झाली होती, आणि रॉइस एकेक गड्डा उलटून किडे शोधत होता, कारण त्याला तसा हुकूम होता. व्हर्ना चुलीपाशी उभी होती. "बस, बस," ती लिनेटला म्हणाली, "हे थांबत नाही, गरम ओतलं की लगेच खायचं." पानांवर कालवण ओतलं तसा चर्रकन्‌ आवाज झाला आणि ढीग हळूच खाली बसला. बाजूला हॅम, उकडलेले बटाटे.

रॉइसने पहिला घास घेतला. कडू. आंबट-गोड कालवणाआड लपून बसलेलं कडू, जे नंतर उठून घसा धरतं. चेहरा सरळ ठेवायचा त्याने खूप प्रयत्न केला.

"बटाट्याबरोबर खा," व्हर्ना म्हणाली. "नाही आवडलं तर बोल. या घरात आता कुणी न बोलता खायचं नाही."

"कडू आहे, मॅम."

"असतंच."

"पण बटाट्याबरोबर बरं लागतं."

"हं," व्हर्ना म्हणाली, आणि तिने स्वतः घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. लिनेटचा काटा हवेतच राहिला होता. रॉइसने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, बघू नकोस म्हणून, आणि स्वतः मात्र बघतच राहिला. व्हर्नाने पावाच्या तुकड्याने कालवण पुसून घेतलं. हॅमचा तुकडा कापला. ताटात आज रस्ते नव्हते, गावं नव्हती, ताटाचा पांढरा तळ दिसायला लागला होता.

मग तिने मान वर केली. दोघांनी घाईघाईने आपापल्या ताटात डोळे घातले.

"माझ्या ताटात काय बघताय? स्वतःचं संपवा," व्हर्ना म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं आपल्याकडे ओढलं.